नगरसेवक होऊ पाहणाऱ्याचे अग्रक्रम

(महानगरपालिकेचा कारभार या विषयावर कार्यकर्ते आणि नागरिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



नगराचा कारभार हा विषय निवडणुकीच्या तोंडावर महिनाभर गाजतो आणि मतमोजणी आटोपली की विस्मृतीत जातो. पुणे महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि १६५ सदस्यांचे सभागृह पुन्हा अस्तित्वात आले. मधल्या काळात दिवे लागत होते, कचरा उचलला जात होता, अंदाजपत्रकेही मंजूर होत होती. त्यामुळे सामान्य नागरिकाच्या मनात एक अवघड प्रश्न उभा राहिला. नगरसेवकाविना शहर चालू शकते, तर नगरसेवक हवा तरी कशाला?

या प्रश्नाचे उत्तर उमेदवाराच्या अग्रक्रमांत दडलेले असते. समोर आलेले काम निकालात काढणे प्रशासकाला जमते. परंतु दहा आवश्यक कामांपैकी पैसा तिघांनाच पुरणार असेल, तर ती तीन कोणती, हे ठरविण्याचा नैतिक अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीलाच असतो. ज्या उमेदवाराच्या पत्रकात सर्वच कामे पहिल्या क्रमांकाची असतात, त्याने हा अधिकार वापरण्यापूर्वीच गमावलेला असतो.

कायद्यानेच लावलेला क्रम

मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार चालतात. या कायद्याची दोन कलमे प्रत्येक इच्छुकाने वाचावीत अशी आहेत. कलम ६३ मध्ये महानगरपालिकेची अनिवार्य कर्तव्ये दिली आहेत. रस्त्यांची स्वच्छता, मैलापाण्याची विल्हेवाट, गटारे, पाणीपुरवठा, दिवाबत्ती, प्राथमिक शाळा, स्मशानभूमी ही त्यांतील काही होत. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये आहेत. उद्याने, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये यांसारख्या गोष्टी तेथे येतात.

ऐच्छिक म्हणजे अनावश्यक नव्हे. ग्रंथालयावाचून शहर सुसंस्कृत होत नाही आणि उद्यानावाचून मुलांचे बालपण कोंडते. परंतु कायद्याने एक क्रम लावून दिला आहे आणि प्रचाराच्या पत्रकांत तोच नेमका उलटा होतो. स्वागतकमान, बाकडी, नामफलक, चौकाचे सुशोभीकरण ही कामे दिसतात. त्यांचे उद्घाटन होते, कोनशिला बसते, नाव कोरले जाते. जमिनीखालची मैलावाहिनी बदलली तर कोनशिला बसवायची कोठे? उलट रस्ता खणल्याबद्दल चार शब्द ऐकावे लागतात. न दिसणाऱ्या कामाला अग्रक्रम देणे म्हणजे मतांची जोखीम पत्करणे होय, आणि उमेदवाराची खरी कसोटी येथेच लागते.

सरदार वल्लभभाई पटेल १९१७ साली अहमदाबाद नगरपालिकेत निवडून आले. बॅरिस्टर म्हणून त्यांची वकिली उत्तम चालली होती. नगरपालिकेत त्यांनी आरोग्य समितीचे काम अंगावर घेतले. त्याच वर्षी शहरात प्लेग पसरला. अनेकजण गाव सोडून जात असताना ते शहरात राहून स्वच्छतेच्या कामाकडे लक्ष देत राहिले. १९२४ ते १९२८ या काळात ते नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि पाणी व गटारे हे विषय त्यांच्या कारभारात महत्त्वाचे राहिले. पुढे संस्थानांचे विलीनीकरण करणाऱ्या या नेत्याच्या सार्वजनिक जीवनाची घडण गल्लीबोळांच्या सफाईत झाली, हे विसरता कामा नये.

पहिला अग्रक्रम: पाणी

पुण्याला पाण्याची परंपरा मोठी आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी बांधणीच्या भुयारी नळाने पाणी शहरात आणले गेले आणि पेठांतील हौदांत खेळविले गेले. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची साठवण सुमारे २९ अब्ज घनफूट आहे. तरीही शहराच्या कडेला टँकरच्या रांगा लागतात. धरण शहराच्या उशाशी असताना तहान उरते, याचे कारण बव्हंशी वितरणात आहे. कोठे पाणी दिवसभर वाहते, कोठे तासभरही येत नाही. मलनिःसारण असलेल्या शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण सर्वमान्य आहे. ते प्रत्येक वस्तीला मिळते किंवा नाही, हे मोजमापावाचून कळणार नाही.

हे केवळ सोयीचे प्रकरण नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. हद्द एका अधिसूचनेने वाढते, जलवाहिनी मात्र अधिसूचनेने वाढत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः नांदेड, किरकटवाडी या नव्याने समाविष्ट झालेल्या गावांच्या भागात, गिलन-बॅरे सिंड्रोम या आजाराची साथ उद्भवली. रुग्णांची संख्या सुमारे २०० पर्यंत गेली आणि काहींचे प्राणही गेले. दूषित पाण्यावर संशय व्यक्त झाला आणि नांदेड येथील विहिरीतून होणाऱ्या पाणीपुरवठ्याकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. हातापायांतील शक्ती गेलेली तरुण मुले अतिदक्षता विभागात पडून असताना त्यांच्या आईवडिलांना चौकातील कारंज्याचे कौतुक कसे वाटावे?

म्हणून समाविष्ट गावांतील उमेदवाराचे पहिले वचन एकच असावे: शुद्ध केलेले, तपासलेले पाणी. पाण्याच्या नमुन्यांचे निष्कर्ष दर महिन्याला प्रभागातील फलकावर लागले पाहिजेत. या मागणीला मोठा निधी लागत नाही, पाठपुरावा लागतो.

दुसरा अग्रक्रम: ओढे आणि मैलापाणी

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजच्या बाजूने येऊन सहकारनगर, दांडेकर पूल असा वाहत मुठेला मिळणारा हा ओढा. त्या रात्री सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या, वस्त्यांत पाणी शिरले, माणसे वाहून गेली. पानशेतच्या १२ जुलै १९६१ च्या प्रलयाची आठवण ज्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्या शहराला एका ओढ्याने पुन्हा धडा दिला. धरण फुटले तर दोष धरणाला देता येतो. ओढ्याच्या पात्रात भराव टाकून, त्याच्यावर भिंती बांधून, त्याला नळकांड्यांत कोंबून जो पूर येतो, त्याचा दोष कोणाला द्यावा?

येथे उमेदवाराला कठोर व्हावे लागते. ओढ्यातील अतिक्रमण हे कधी गरिबाच्या झोपडीचे असते, कधी प्रतिष्ठिताच्या इमारतीचे. झोपडी हटवायची आणि इमारतीपुढे मौन पाळायचे, हा न्याय नव्हे. गरिबाला आधी पर्यायी घर आणि मग स्थलांतर. धनिकाला नियमानुसार नोटीस आणि कारवाई. नियम दोघांना एकच असला, तरच कारवाईला नैतिक बळ लाभते.

मैलापाण्याचेही तसेच आहे. जपानच्या जायका संस्थेच्या अर्थसाहाय्याने पुण्यात ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांची योजना हाती घेण्यात आली. केंद्रे उभी राहणे हे अर्धेच काम असते. घराघरातील मैला त्या केंद्रापर्यंत पोहोचविणाऱ्या वाहिन्या नसतील, तर यंत्रे उभी राहतात आणि मुळा-मुठा तशीच वाहत राहते. नदीची आरती करणाऱ्या समाजाने नदीत काय सोडले जाते, याचाही हिशेब मागितला पाहिजे. श्रद्धेची ती स्वाभाविक पुढची पायरी आहे.

तिसरा अग्रक्रम: कचरा

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथे जाऊन पडला. तेथील विहिरी बिघडल्या, दुर्गंधी घरात शिरली, ग्रामस्थांना पुनःपुन्हा आंदोलने करावी लागली. स्वतःचे अंगण झाडून केर शेजाऱ्याच्या दारात लोटणे ही आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची शिकवण नाही. मग नगराच्या पातळीवर ती रीत कशी चालेल?

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून दारोदार जाऊन कचरा गोळा करीत आहे. ज्या भगिनी पूर्वी उकिरड्यावर वाकून कचरा वेचत, त्यांना ओळखपत्र आणि हक्काचे काम मिळाले. उमेदवाराने येथे नवी यंत्रे आणण्याच्या घोषणा करण्याऐवजी दोन गोष्टी कराव्यात. प्रभागातला ओला कचरा शक्यतो प्रभागातच जिरेल अशी व्यवस्था उभारावी आणि वर्गीकरणाविषयी घरोघरी बोलावे. कार्यकर्त्याला घरोघरी संपर्काची सवय असते. मतांसाठी जो दारात तीनदा जातो, त्याने कचऱ्याच्या डब्यासाठी एकदा जायला काय हरकत आहे?

पैसा कोठून येणार?

या कामांना पैसा लागतो. जकात गेली. पुण्यात २०१३ साली तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही रद्द झाला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यापोटी राज्य शासनाकडून भरपाई मिळते. २०१६-१७ हे वर्ष आधारभूत धरून तीत दरवर्षी ८ टक्के वाढ देण्याची कायद्यात तरतूद आहे. स्वतःच्या हातातील मोठी साधने दोनच उरली, मिळकतकर आणि बांधकाम परवानगीची शुल्के. यांपैकी दुसऱ्यावर अवलंबून राहण्यात धोका आहे. बांधकाम वाढले की उत्पन्न वाढते, पण त्याच बांधकामाला पुढे पाणी, गटार, रस्ता पुरवावा लागतो. आज मिळालेले शुल्क हे उद्याच्या जबाबदारीचे आगाऊ मूल्य असते.

म्हणून मिळकतकराविषयी उमेदवाराने स्पष्ट बोलावे. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून ४० टक्के सवलत होती. मध्यंतरी ती थांबली आणि २०२३ मध्ये राज्य शासनाच्या निर्णयाने पुन्हा लागू झाली. मध्यमवर्गीय कुटुंबाला हा मोठा दिलासा आहे. परंतु सवलत मागणाऱ्याने थकबाकीदाराविषयीही बोलले पाहिजे. थकबाकी साचू द्यायची आणि मग अभय योजनेने दंड माफ करायचा, यात वेळेवर कर भरणारा निवृत्त शिक्षक मूर्ख ठरतो. कर माफ करण्याचे आश्वासन सोपे असते. कराचा पैसा कोठे गेला, हे सांगण्याचे आश्वासन अवघड, आणि म्हणूनच मोलाचे.

उत्तरदायित्व

कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, हे कायद्याचे वास्तव आहे. नगरसेवक स्वतः वाहिनी टाकू शकत नाही. त्याची शक्ती सभागृहातील प्रश्नांत, १६ सदस्यांच्या स्थायी समितीत, अंदाजपत्रकावरील चर्चेत आणि प्रभाग समितीत आहे. ज्याला अंदाजपत्रक वाचता येत नाही, त्याच्या हाती केवळ शिफारसपत्रे उरतात. त्यातच पुण्यात चार सदस्यांचा प्रभाग आहे. एका प्रभागात चारजण असले की श्रेय चौघांचे होते आणि दोष कोणाचाच राहत नाही. यावर उपाय उमेदवारांच्याच हाती आहे. चौघांनी कामे वाटून घ्यावीत आणि पाण्यासाठी कोण, कचऱ्यासाठी कोण, हे लोकांना लेखी सांगावे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिले. महाराष्ट्रात २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली. गावाला ग्रामसभा, तशी शहराला क्षेत्रसभा. तिची मागणी कितीजण करतात? पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचविण्याची पद्धतही सुरू झाली. सुविधा आहेत, त्या वापरणारा नागरिक हवा.

तेव्हा कार्यकर्त्यांनी एक नियम स्वतःला घालून घ्यावा. उमेदवारीची तयारी निवडणुकीच्या आधी महिनाभर होत नसते. त्यासाठी पाच वर्षे लागतात. प्रभागातील प्रत्येक ओढा पायी चालून पाहावा. जलवाहिनी कोठून येते आणि मैला कोठे जातो, याचा नकाशा स्वतः काढावा. मागील तीन वर्षांच्या अंदाजपत्रकांत आपल्या प्रभागासाठी काय धरले होते आणि प्रत्यक्षात काय झाले, याचे टिपण ठेवावे. असा कार्यकर्ता उमेदवार झाला नाही, तरी जो निवडून येईल त्याला तो नीट वागायला लावील.

आणि मतदारांनीही उमेदवार दारात आला की एकच प्रश्न विचारावा: “आपण पाच वर्षांत कोणते काम करणार नाही?” ज्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर आहे, त्याने अग्रक्रमांचा विचार केलेला आहे. जो गोंधळेल, त्याला कलम ६३ वाचायला द्यावे. कमानीवरचे नाव उन्हापावसात पुसट होते. घरातल्या नळाला स्वच्छ पाणी येते, तेव्हा त्यामागे कोण होता हे कोणी विचारीत नाही. ज्याला ते न विचारणे मानवते, त्याच्याच हाती नगराचा कारभार सोपवावा.