किल्ली कोणाकडे?

(गेल्या वर्षीच्या उत्सवात तिसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती आणि पंगत यांच्या मधली दहा मिनिटे समितीने मला दिली आहेत. भुकेल्या माणसांपुढे बोलायचे तर विषय कामाचा हवा, म्हणून मी मोबाइल फोनच्या कुलपाविषयी बोलणार आहे. हैदराबादेत आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे कोणी ना कोणी अमेरिकेत आहे. ती मुले सुट्टीत येतात, येताना नवा फोन घेऊन येतात आणि जाताना जुना आई-वडिलांना ठेवून जातात. आमच्याकडेही असेच झाले.

माझी थोरली बहीण, आमची ताई, भाऊजी गेल्यापासून आमच्याकडेच राहते. तिचा मुलगा न्यू जर्सीला असतो. डिसेंबरात तो आला आणि आपला आयफोन १२ तिला देऊन गेला. इथे असेपर्यंत त्यात त्याचे अमेरिकेचेच सिम चालू होते, त्यामुळे कोणाला काही कळले नाही. ताईने मोठ्या मनाने आपला जुना फोन आमच्या कामवालीला देऊन टाकला. भाचा विमानात बसल्यावर आम्ही नव्या फोनमध्ये ताईचे सिम घातले. पडद्यावर अक्षरे आली : 'सिम नॉट सपोर्टेड'.

हा काय प्रकार आहे ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक सिमकार्डात पंधरा आकड्यांपर्यंतचा एक क्रमांक असतो. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे ४०४ आणि ४०५, अमेरिकेचे ३१० ते ३१६. त्यापुढचे दोन-तीन आकडे कंपनीचे. कुलूपबंद फोन सिम घातल्याबरोबर हे आकडे वाचतो. ते आपल्या कंपनीचे नसले, की तो नेटवर्कला हात लावत नाही. सिम चांगले, फोन चांगला, पण दोघांचे जमू द्यायचे नाही असे वरून ठरलेले!

कंपन्या असे का करतात? कारण फोन त्या हप्त्यावर देतात. पैसे फिटेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये हा हेतू. आपल्याकडे पूर्ण पैसे मोजून फोन घ्यायची रीत असल्याने हे कुलूप फारसे रुजले नाही. तरी जुन्या मंडळींना २००३ सालची रिलायन्सची ५०१ रुपयांची योजना आठवत असेल. त्या फोनला सिमच नव्हते, नंबर फोनमध्येच भरलेला असायचा. कंपनी बदलायची तर तो फोन तिथे उपयोगाचा नव्हता.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, दर महिन्याला हप्ता भरतोय म्हणजे फोन माझाच की!" त्याने तिकडच्या कंपनीला विचारले. उत्तर आले की अजून काही हप्ते बाकी आहेत, ते फिटल्याशिवाय कुलूप निघणार नाही. तो म्हणाला, बघतो. आणि "बघतो" म्हणजे काय, हे आपण सारे जाणतो.

इथे माझी चूक झाली. मी आबिद्सकडच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने ताईच्या सिमला कागदासारखी पातळ एक चकती चिकटवली आणि पंधराशे रुपये घेतले. ही चकती फोनला फसवते. सिम अमेरिकेचेच आहे असे फोनला भासवते. फोन लागला. मीही इंजिनिअर माणूस, पण काम झाले म्हटल्यावर पुढचा प्रश्न विचारला नाही. कुलूप उघडलेले नव्हते, फक्त पहारेकऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकलेली होती.

तीन आठवडे सगळे ठीक चालले. मग आम्ही दोघे लग्नाला पुण्याला गेलो. त्या रात्री फोनने आपण होऊन नवे सॉफ्टवेअर घेतले आणि चकतीचे सोंग उघडे पडले. पहाटे ताईची साखर एकदम खाली गेली. हातपाय कापायला लागले, घाम फुटला. तिने मला फोन लावला, तर 'नो सर्व्हिस'. घरात वायफाय चालू होते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन लागतो हे त्या घाबरलेल्या घटकेला तिला सुचले नाही. शेवटी तिने स्टीलचा डबा भिंतीवर आपटला. शेजारच्या रेड्डी वहिनी धावत आल्या, त्यांनी साखरेचे पाणी पाजले आणि आपल्या फोनवरून आम्हाला कळवले. ताई आज पुढच्या रांगेत बसली आहे, म्हणून मी हे हसत सांगू शकतो. पण पुण्याहून परततानाचा तो प्रवास मी विसरणार नाही.

भाच्याला हे कळले त्याच दिवशी त्याने उरलेले सगळे हप्ते भरले. मग फोनचा आयएमईआय क्रमांक देऊन कंपनीकडे अर्ज केला. हा पंधरा आकडी क्रमांक *#०६# दाबले की पडद्यावर येतो. दोन दिवसांत मंजुरी आली. आम्ही चकती काढून टाकली, फोन वायफायला जोडला, सिम पुन्हा घातले आणि नेटवर्क आले. कुठलाही कोड नाही, एकही फोटो गेला नाही आणि कुलूप काढायचा एक पैसाही पडला नाही. किल्ली पहिल्यापासून कंपनीकडे होती आणि ती मागायचा हक्क फक्त ज्याच्या नावावर खाते आहे त्याला होता. आमचे पंधराशे रुपये मात्र शिकवणीची फी म्हणून गेले.

अमेरिकेतही हा हक्क सहज मिळालेला नाही. जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनचे कुलूप कंपनीच्या परवानगीवाचून काढणे तिथे बेकायदा ठरले होते. लाखाहून अधिक लोकांनी सह्या करून व्हाइट हाउसकडे दाद मागितली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष ओबामांनी ही बंदी उठवणाऱ्या कायद्यावर सही केली. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना कुलूपबंद फोन विकायलाच मनाई केली. अमेरिकेहून आलेल्या फोनची चौकशी मात्र अजूनही करावी लागते.

तेव्हा मुले येतील तेव्हा विमानतळावर परत सोडायच्या आधी चार गोष्टी करा.

पहिली, आयफोनच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'जनरल' आणि त्यात 'अबाउट' उघडा. 'कॅरियर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असे दिसले तर निश्चिंत व्हा. कोणताही फोन असो, आपले सिम त्याच दिवशी घालून एक फोन लावून पाहा.

दुसरी, हप्ते बाकी आहेत का ते स्पष्ट विचारा. पोटच्या पोराला विचारायला संकोच नको.

तिसरी, मुलाचे खाते फोनमधून त्याच्याच हाताने काढून घ्या. ते कुलूप वेगळे असते आणि ते नेटवर्कच्या कंपनीला उघडता येत नाही.

चौथी, सिमची खाच आहे का ते बघा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना १४ व्या मालिकेपासून, म्हणजे २०२२ पासून, खाचच नाही. त्यांना ई-सिम घ्यावे लागते.

आणि कोणी आयएमईआय बदलून देतो म्हणाला, तर पाठ फिरवा. तो आपल्याकडे गुन्हा आहे.

ताईने नव्या फोनवरून पहिला फोन कोणाला लावला माहीत आहे? शेजारी, रेड्डी वहिनींना. मी मात्र त्यांचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला आहे, आणि तो डबाही जागचा हलवलेला नाही.

पानांवर वाढायला सुरुवात झालेली दिसते. माझे दोन शब्द संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!