सैल सांधा, शिकणारे हात

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)





या व्यासपीठावरून आपण विद्वानांची भाषणे ऐकत आला आहात. मी विद्वान नाही. सोलापुरात यंत्रमागांच्या दुरुस्तीत हयात घालविलेला मी एक फिटर आहे. म्हणून विषयही माझ्या हाताला झेपेल असाच निवडला आहे. विषय आहे खेळण्यातील यंत्रमानवाचा सांधा. मुले हसली, त्यांनी हसावे. पालकांनी मात्र पाच मिनिटे धीर धरावा.

मोटार वळवली, दुमडली की तिचा यंत्रमानव होतो, अशी खेळणी आपण पाहिली असतील. जपानच्या ताकारा कंपनीच्या अशा खेळण्यांना अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने बाजारात आणले. माझ्या नातवाला त्याच्या मामूने असाच एक यंत्रमानव आणून दिला. चार महिन्यांत त्याचा खांदा सैल झाला. हात वर केला की आपोआप खाली पडे. एके दिवशी पाहतो तो पोराने स्क्रू काढून खेळण्याचे तुकडे चटईवर मांडलेले. मी संतापलो. "मामूने एवढे पैसे घातले आणि तू मोडतोड करतोस?" तो हळूच म्हणाला, "दादा, तुम्ही पण माग उघडूनच दुरुस्त करता ना?"

मला उत्तर सुचेना. मी त्याच्याजवळ खाली बसलो.

मित्रहो, या खेळण्यांत मुख्यतः तीन प्रकारचे सांधे असतात. पहिला पिनेचा, दाराच्या बिजागरीसारखा. दुसरा गोळी आणि वाटीचा, आपल्या खांद्यासारखा. तिसरा दातेरी, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा टक्‌टक्‌ वाजत एकेका दातावर थांबणारा. प्रत्येकाचे दुखणे वेगळे, म्हणून इलाजही वेगळा.

गोळी झिजून सैल झाली असेल, तर तिच्यावर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक वार्निशचा पातळ हात द्यावा, गोळी वाटीबाहेर ठेवून पूर्ण वाळू द्यावी आणि मगच बसवावी. नखांचे पॉलिशही काही जण लावतात, परंतु त्यातील द्रावक काही प्लास्टिकला मऊ करतो, म्हणून आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे. सांधा स्क्रूचा असेल तर पाव वेढाच आवळावा. जास्त आवळला तर आतली प्लास्टिकची नळी चिरते. पिनेच्या एका टोकाला बहुधा बारीक खाचा असतात. गुळगुळीत टोकाकडून ठोकून खाचांचे टोक आधी बाहेर काढावे. उलट ठोकले तर त्या खाचा सगळ्या भोकातून खरवडत जातात आणि सांधा कायमचा सैल होतो. दातेरी सांध्यात स्प्रिंग असते. तो पांढऱ्या कापडावर उघडावा, नाहीतर स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते. सांधा फार घट्ट असेल तर जोर लावू नये, सिलिकॉन तेलाचा एक थेंब द्यावा. पेट्रोल वा रॉकेल कधीही लावू नये. पारदर्शक प्लास्टिक तर त्याने तडकू शकते.

आमच्या पोराने काय केले? घाईने वार्निशचा जाड थर दिला. खांदा इतका घट्ट झाला की हात हलेचना. तो रडवेला झाला. मी त्याला बारीक पॉलिश कागद दिला. थोडे घासायचे, बसवून पाहायचे, पुन्हा काढायचे, असे सहा वेळा झाले. सातव्या वेळी हात वर गेला आणि वरच थांबला. त्या रात्री पोर जेवायला विसरले.

धोट्याच्या मागावरही हेच आहे. पट्टा सैल राहिला तर धोटा पलीकडच्या पेटीपर्यंत पोहोचत नाही, मध्येच अडकून तार तुटतात. फार ताणला तर पेटीवर आदळतो. हलायला पुरेसा सैल आणि थांबायला पुरेसा घट्ट, एवढेच सांध्याचे शास्त्र. ते पुस्तकात वाचून कळते, पण बोटांना कळायला सहा वेळा चुकावे लागते.

ही विद्या आपल्याला परकी नाही. सन १२०६ मध्ये अल्‌-जझरी या कारागीर-अभियंत्याने यंत्रांवर एक मोठा ग्रंथ पूर्ण केला. हत्तीचे घड्याळ, हात धुताना साबण व रुमाल पुढे करणाऱ्या बाहुल्या, अशी यंत्रे त्यात आकृत्यांसह वर्णिलेली आहेत. झडपेची जागा आणि तिचे बूच एकमेकांवर कुरुंदाच्या भुकटीने घासून पाणी गळणार नाही असे बसवावे, हेही त्यात आहे. राजदरबारी मान असलेला तो माणूस स्वतः घासत बसण्यात कमीपणा मानीत नव्हता. आपण मात्र त्याचे नाव अभिमानाने घेतो आणि घरातल्या पोराच्या हातातून पेचकस काढून घेतो!

महाग खेळणे सर्वांना परवडत नाही, हे मी जाणतो. त्यावरही उपाय आहे. अरविंद गुप्ता हे आय.आय.टी. कानपूरचे अभियंते. १९७८ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात काम करताना त्यांनी आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन सांधे बनविले. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडविली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गूल काढून टाकलेल्या चार काड्या ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून चौकोन करा, तो दाबला की कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, तो कलत नाही. पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला त्या क्षणी कळते. खर्च जवळजवळ काहीच नाही.

पालकहो, एक शेवटची गोष्ट सांगतो. माझ्या नातवाची धाकटी बहीण हे सारे दारातून पाहत होती. "तू स्वयंपाकघरात जा," असे मीच तिला म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी उडालेली स्प्रिंग कपाटाखालून तिनेच शोधली आणि ती कोणत्या दातावर बसते हेही तिनेच दाखविले. माझी चूक मी आपणा सर्वांसमोर कबूल करतो. आता आमच्या घरात पेचकस दोघांचा आहे.

अभ्यास हवाच, गुणपत्रिकाही हवी. परंतु मुलगा वा मुलगी मोडलेली वस्तू उघडून बसली, तर विजेचे तेवढे सोडून, आधी ओरडू नका. जवळ बसा आणि विचारा, "कुठे सैल झाले आहे?"