मावशी नावाची मोलकरीण

बीजिंगमधील एखाद्या कुटुंबात राहून चिनी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची नोंद चोवीस तासांत पोलिसांकडे करावी लागते. खरे शिक्षण मात्र स्वयंपाकघरात सुरू होते. तेथे ‘आयी’ हा शब्द कानी पडतो. अर्थ मावशी, पण घरकामाच्या बाईलाही आयीच म्हणतात, आपल्याकडे मोलकरणीला ‘मावशी’ म्हणतात तसे. (नात्याच्या शब्दाला पैसे पडत नाहीत!) ही आयी बहुधा खेड्यातून आलेली, आणि पुष्कळदा तिचे मूल मागेच राहिलेले असते. १९५८ पासूनची ‘हुकोऊ’ नोंदणीपद्धती सरकारी शाळेचा हक्क मूळ गावाशी जखडते. सुधारणांनंतरही बीजिंगच्या अटी कडकच आहेत. श्रमिकांच्या म्हणविणाऱ्या राज्यात ही अवस्था! विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तक मिटून तिच्याशी बोलावे. तिचे उच्चार प्रमाण नसतील. पण मुलाची शाळा, त्याला सांभाळणारी आजी, वसंतोत्सवाची रजा, हे सारे तिच्याच तोंडून कळेल.