खेळातले औषधपाणी



आजच्या भाषणाचा विषय घरी सांगितला तेव्हा मंडळी हसली. "रेडिओवर बोलायला दुसरे काही सापडले नाही का?" असा प्रश्नही झाला. विषय आहे मुलांच्या व्हिडिओ खेळांतले औषध. आपण कपाळाला आठी घालण्यापूर्वी मला हा विषय कुठे भेटला, ते आधी सांगतो.

गेल्या दिवाळीत मी बहिणीच्या गावी गेलो होतो. भाचा सातवीत आहे. अंघोळ आणि फराळ आटोपला, की स्वारी ओसरीवरच्या खांबाला टेकून मोबाईल घेऊन बसायची. आई ओरडून दमली. मी शेजारी जाऊन बसलो. पडद्यावर एक तलवारबाज वीर. पार घायाळ झालेला. त्याच्या जिवाची तांबडी पट्टी वरच्या कोपऱ्यात असते, ती नखाएवढी उरलेली. आणि पिशवीत पाहतो तो औषधाच्या अकरा बाटल्या! मी म्हटलं, "अरे, पी की एखादी." तो म्हणाला, "नको मामा, त्या मोठ्या राक्षसासाठी ठेवल्यात." हे बोलणे संपते न संपते तोच वीर पडला. बाटल्या अकराच्या अकरा तशाच.

त्या अकरा बाटल्या काही केल्या माझ्या डोक्यातून जाईनात. म्हणून आज आपल्यापुढे बसलो आहे.

मुळात खेळातल्या माणसाच्या जिवाचा असा आकड्यांत हिशोब ठेवायचा, ही कल्पना संगणकाची नव्हे, कागदाची. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापून विकायला काढला. पाचसहा जणांनी एका मेजाभोवती बसायचे, कागद, पेन्सिल आणि फासे घ्यायचे, आणि सोंग घेऊन गोष्ट पुढे न्यायची. प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा असे. हा किती मार सोसू शकतो, तो आकडा. घाव बसला की वजाबाकी, औषधाचा घोट घेतला की बेरीज. आज मोबाईलवर दिसणारी तांबडी पट्टी ही त्या पेन्सिलीच्या आकड्याचीच नात म्हणा ना!

जपानात १९८६ साली युजी होरी यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ रचला. त्यात औषध म्हणजे एक जडीबुटी. गावच्या दुकानात २४ सोन्याच्या नाण्यांना एक जुडी मिळे, आणि सहापेक्षा जास्त जवळ बाळगता येत नसत. आता गंमत पाहा. गुहा दूर, वाटेत नाना तऱ्हेची भुते, आणि जवळ जुड्या सहाच. चार संपल्या. पुढे जायचे की परतायचे? येताना जेवढी वाट तुडवली, तेवढीच परत तुडवायची आहे, हे लक्षात ठेवूनच उत्तर द्यायला हवे. पायी वारीला निघालेल्या माणसाला शिदोरीचा हा हिशोब कोणी शिकवावा लागत नाही. गावात पोचलात तर धर्मशाळेत रात्रभर झोपा, थोडी नाणी द्या, सकाळी ताजेतवाने. आणि वाटेत मेलातच, तर खेळ संपत नाही. आपण राजाच्या दरबारात उभे असतो, थैलीतली निम्मी नाणी मात्र गेलेली असतात.

पण शिक्षक बंधुभगिनींनो, मला आपल्याशी बोलायचे आहे ते एका अळंबीविषयी.

१९८५ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ आणला. रचणारे शिगेरु मियामोतो. मिशावाला, टोपीवाला, ठेंगणा मारिओ आपल्यापैकी काहींनी नक्कीच पाहिला असेल. १९९० नंतर आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा त्या जपानी यंत्राच्या स्वस्त नकला आल्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरे टीव्हीपुढे ओळीने बसू लागलो. या खेळात औषध म्हणजे अळंबी. ती खाल्ली की मारिओ दुप्पट उंच होतो. मग शत्रूचा धक्का लागला तर मरत नाही, नुसता पुन्हा लहान होतो. लहान असताना धक्का लागला, तर मात्र गेला.

आता हे नव्या मुलाला कळायचे कसे? पडद्यावर सूचना नाही, पाटी नाही. खेळ सुरू झाल्यावर पहिल्यांदा समोरून येते ते एक तपकिरी भूत, तेही दिसायला अळंबीसारखेच. त्याला शिवले की मरण. म्हणजे अळंबीसारखे दिसते ते वाईट, एवढे मुलगा शिकला. पुढे प्रश्नचिन्हाची विट डोक्याने ठोकल्यावर आतून खरी अळंबी निघते. पोरगे घाबरणारच! अळंबी उजवीकडे घरंगळत जाते, खाली पडते, पुढच्या हिरव्या नळाला आपटते आणि उलटी फिरून थेट मारिओच्या अंगावर येते. मुलगा उडी मारून चुकवू पाहतो, तर वर विटांची रांग. डोके आपटून तो खाली येतो आणि बहुधा अळंबीवरच. आता मेलो, असे वाटते न वाटते तोच मारिओ उंच झालेला असतो. मियामोतो यांनी पुढे सांगितले, की नळ आणि विटा अशा मुद्दामच मांडल्या होत्या.

पहिल्या दोन मिनिटांत, एक शब्दही न बोलता, केवढा धडा! मी एम.ए. झालो, वीस वर्षे शिकवतो आहे, पण पहिल्या तासाला अशी विटांची मांडणी मला एकदाही जमलेली नाही.

(जाता जाता एक सांगतो. पावसाळ्यात बांधावर उगवणारी कुत्र्याची छत्री पाहून कोणी मारिओचे अनुकरण करू नये. खेळ करणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. १९८६ साली जपानात याच खेळाचा दुसरा भाग निघाला, त्यात विषारी अळंबी घातलेली आहे!)

मोठ्याचा लहान होतो, पण पडद्यावर राहतो. या एका गोष्टीपाशी मी अडकतो, त्याचे कारण सांगून टाकतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा निबंधाची वही मुदतीनंतर आठ दिवसांनी घेऊन आला. मी वही उघडलीसुद्धा नाही. "नियम म्हणजे नियम," असे म्हणून परत केली. वर्गासमोर. वडिलांबरोबर तो ऊसतोडीला गेला होता, हे मला महिन्याभराने दुसऱ्या मुलाकडून कळले. तोवर त्याने येणे सोडले होते. निरोप पाठवला, एकदा गावी जाऊनही आलो. घराला कुलूप होते. एका धक्क्यात गेला तो. तेव्हा मला वाटत होते, की आपण शिस्त लावली.

असो. आपल्या विषयाकडे वळू.

अकरावी-बारावीत असताना आमच्या कॉलेजात संगणकाची खोली होती. सरांची पाठ वळली, की आम्ही 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावत असू. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने १९८९ साली हा खेळ केला. राजपुत्र तळघरात कोंडलेला, राजकन्येला सोडवायला तासाभराची मुदत. जिवाचे तीन त्रिकोण. वाटेत कोनाड्यांतून बाटल्या ठेवलेल्या. लाल बुडबुडे येत असतील तर औषध, एक त्रिकोण परत मिळतो. निळे असतील तर विष, एक त्रिकोण जातो. अवघड काहीच नाही. पण आमच्या खोलीतले पडदे होते काळे-पांढरे! लाल काय आणि निळे काय, सगळे बुडबुडे करडे. मग काय करावे? कोणीतरी प्यायचे. आम्ही आठजण आळीपाळीने खेळत असू. ज्याच्या पाळीला नवी बाटली दिसेल त्याने ती चाखायची आणि बाकीच्यांनी लक्षात ठेवायचे, की जिन्याजवळची चांगली, दाराआडची वाईट. वहीच्या मागच्या पानावर आमचा नकाशा होता. एकाने विष घेतले, की पुढचे सात वाचले. आज रंगीत पडदा आहे, पण ती वही नाही.

याउलट एक खेळ मला मनापासून आवडत नाही, तोही सांगतो. १९८५ साली अटारी गेम्सने 'गाँटलेट' नावाचे यंत्र काढले. नाणे टाकून खेळायचे, चौघांनी एकत्र. त्यात कोणी मारो न मारो, जीव आपोआपच झिरपत राहतो, जणू मडक्याला भोक पडले आहे. जीव वाढवायला वाटेत अन्नाची ताटे ठेवलेली. यंत्र मोठ्याने ओरडते, अमक्याला फार भूक लागली आहे! आणि जीव वाढवायचा दुसरा मार्ग कोणता? यंत्रात आणखी एक नाणे टाकणे. हे औषध म्हणजे दुकानदाराची युक्ती, दुसरे काही नाही. आज मोबाईलवर 'पैसे भरा आणि लगेच जीव मिळवा' म्हणणारे जे खेळ आहेत, ते याच वळणाचे. पालकांनी डोळे वटारायचेच असतील तर इथे वटारावेत. तरी न्यायाने एक सांगायला हवे. त्या यंत्रात घाईघाईने सोडलेला बाण ताटाला लागला, तर ताट नाहीसे होई, आणि अन्नावर बाण टाकू नका, असे यंत्र बजावी. चौघांत ताट एक. कोणाचा जीव कमी उरला आहे ते पाहून बाकीच्या तिघांनी मागे सरायचे. भांडणेही झाली असतील, पण पंक्तीत वाढताना डावे-उजवे करू नये, हे मुलांना तिथेही कळले असेल.

'पोकेमॉन'मध्ये, म्हणजे १९९६ सालच्या मूळ खेळात, दुकानात ७०० ला मिळणारे भारी औषध ५० अंक जीव भरून देते. आणि शहरातल्या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर यंत्रातून साधी पाण्याची बाटली २०० ला मिळते. तीही ५०च देते! भारी वेष्टनाला भुलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता पुन्हा भाच्याच्या अकरा बाटल्यांकडे येतो. हा रोग त्याच्या एकट्याचा नाही. 'फायनल फँटसी' नावाची जपानी खेळांची मालिका १९८७ पासून चालू आहे. तिच्यात एलिक्सर नावाचे दुर्मिळ औषध असते. एका घोटात सगळी शक्ती परत. जगभरचे खेळाडू हसत कबूल करतात, की आम्ही ते जपून जपून ठेवले, खेळ संपला, आणि बाटल्या पिशवीतच राहिल्या. आपल्या भाषेत याला फार चांगला शब्द आहे, ठेवणीतले. माझ्या आजीचे एक ठेवणीतले इरकली लुगडे होते. लग्नकार्याला नेसेन, म्हणायची. लग्ने झाली, बारशी झाली, पण प्रत्येक वेळी तिला वाटे, याहून मोठे कार्य पुढे आहे. शेवटी ट्रंकेतून काढले तेव्हा घडीवर चिरलेले होते.

खेळ रचणाऱ्यांच्या ध्यानात ही खोड आलीच. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने २०११ साली 'डार्क सोल्स' हा अतिशय कठीण खेळ काढला, हिदेताका मियाझाकी यांच्या देखरेखीखाली. त्यात औषधाचा एक चंबू असतो, सुरुवातीला पाच घोटांचा. शेकोटीपाशी जाऊन बसलात, की चंबू पुन्हा भरतो. जपून ठेवायचे कारणच उरले नाही. पण दोन अटी आहेत. शेकोटीपाशी बसलात, की मारलेले बहुतेक शत्रू पुन्हा उठून आपापल्या जागी उभे राहतात. आणि घोट घेताना क्षणभर हात गुंतलेले असतात, तेवढ्यात समोरचा वार करतो. म्हणजे प्रश्न औषध आहे की नाही, हा नाही. ते घ्यायला उसंत कधी काढायची, हा आहे. आपल्याकडे पाच दिवसांच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी बंद करून उरलेल्या कोनाड्यात ठेवणारी मंडळी घरोघर आहेत, त्यांना ही अट कोणी समजावावी?

हे सगळे मी भाच्याला काही सांगितले नाही. मास्तर झालो म्हणून सुट्टीत मुलाला छळू नये. भाऊबीजेच्या संध्याकाळी तो पुन्हा खांबाला टेकून बसला होता. मी फक्त आजीच्या लुगड्याची गोष्ट सांगितली, तीही त्याच्या आईला, तो ऐकत असताना. थोड्या वेळाने हाक आली, "मामा, इकडे ये ना." वीर पुन्हा घायाळ, पट्टी नखाएवढी. त्याने माझ्याकडे पाहिले, पिशवी उघडली आणि एक बाटली प्यायला. पट्टी भरली. मग दुसरी, मग तिसरी. मोठा राक्षस दिसण्याआधीच सात संपल्या. राक्षस आला, त्याने उरलेल्या चारही संपवायला लावल्या, आणि वीर पडला.

"बघ, तुझ्यामुळे," असे म्हणून तो हसला, आणि राक्षस कुठल्या बाजूने वार करतो ते मला दाखवू लागला.