जखम भरली, पुढे काय?

भाजलेल्या माणसाला रुग्णालयातून घरी नेताना नातेवाईक हमखास एक प्रश्न विचारतात, ‘सिस्टर, आता पट्ट्या संपल्या ना?’ नागपुरातल्या एका जळीत विभागात मी बरीच वर्षं परिचारिका होते. माझं उत्तर ठरलेलं असे. ‘जखमेची पट्टी संपली, आता वणाची पट्टी सुरू होईल.’ आज मला या दोन पट्ट्यांविषयी सांगायचं आहे. दोन्ही सिलिकॉनच्या असू शकतात, पण त्यांची कामं अगदी वेगळी आहेत.

आधी जखमेची पट्टी. ‘हवा लागू द्या, सुकू द्या’ हा सल्ला घरोघरी मिळतो. पण १९६२ साली इंग्लंडमधल्या जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवलं, की उघड्यावर सुकून खपली धरलेल्या जखमेपेक्षा झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते. तेव्हापासून जखम झाकण्याचा विचारच बदलला. अडचण एकच होती. साधी कापडी जाळी जखमेला चिकटते आणि काढताना कोवळी त्वचा सोबत घेऊन येते. ड्रेसिंगची ट्रॉली दारात दिसली, की वॉर्डातली लहान मुलं रडू लागत, ती याच भीतीनं.

न चिकटणारी आणि परवडणारी पट्टी आपल्या डॉक्टरांनीही शोधली. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेली केळीची पानं भाजलेल्या जखमांवर वापरून पाहिली. २००३ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पानावर गरम भात वाढला तरी तो चिकटत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. तोच गुण तिथं उपयोगी पडला. मात्र परसातलं पान तोडून घरी हा प्रयोग कुणी करू नये. ती पानं रुग्णालयात खास प्रक्रिया करून वापरलेली होती.

मऊ सिलिकॉनचा थर असलेली पट्टी हेच काम करते. आजूबाजूच्या कोरड्या कातडीला ती हलकेच धरून राहते, ओल्या जखमेला मात्र चिकटत नाही. त्यामुळे ती बदलताना दुखणं कमी होतं. ती महाग असते, हे खरं. पण रोज सोलून काढावी लागत नाही, हाही हिशेब धरायला हवा.

आता दुसरी पट्टी. जखम भरायला तीन आठवड्यांहून जास्त दिवस लागले, की तिथला वण लाल, टणक आणि जाड होण्याची शक्यता वाढते. खाज सुटते. वण सांध्यावर असेल तर कातडी आखडते. बोटं वाकतात, मान एका बाजूला ओढली जाते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी अशा वणांवर सिलिकॉन जेलची पट्टी वापरल्याचं प्रसिद्ध केलं आणि ती जगभर गेली. ही पट्टी वणातला ओलावा उडू देत नाही. वरचा थर ओलसर राहिला, की खालच्या पेशी तंतू बनवण्याची घाई कमी करतात, असं मानलं जातं.

ही पट्टी उघड्या जखमेवर कधीही लावायची नाही. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करायची. वणापेक्षा थोडी मोठी कापायची. सुरुवातीला दिवसाला चार तास, मग हळूहळू वाढवत बारा तास किंवा अधिक. निदान तीन महिने तरी चिकाटी हवी. पट्टी रोज सौम्य साबणानं धुऊन वाळवली, की तीच पुन्हा वापरता येते.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. पट्टीखाली घाम साचतो, घामोळं येतं. अशा वेळी दुपारी पट्टी काढून कातडी कोरडी होऊ द्यावी आणि रात्री कूलरसमोर लावावी. चेहऱ्यावर पट्टीऐवजी ट्यूबमधलं सिलिकॉन जेल सोयीचं पडतं. आणि आपल्याकडच्या मुली स्कूटरवर तोंडाला दुपट्टा गुंडाळतात ना, तो वणासाठी फार चांगला. उन्हानं ताजा वण काळवंडतो.

महालात भज्यांचा ठेला चालवणाऱ्या एका बाईंच्या हातावर कोपरापर्यंत उकळतं तेल सांडलं होतं. जखम भरायला महिन्याच्या वर लागला. शेगडीसमोर पट्टी टिकणार नाही म्हणून त्यांनी ती रात्रभर लावली आणि दिवसा कोपराचे व्यायाम केले. सहा महिन्यांनी वण बराच सपाट झाला, खाज थांबली. रंग मात्र राहिला. यात पट्टीचा वाटा किती, व्यायामाचा किती आणि काळाचा किती, हे मी सांगू शकणार नाही. संशोधकही सांगतात, की सिलिकॉनच्या उपयोगाचे पुरावे अजून भक्कम नाहीत. पण त्रास कमी असल्यानं डॉक्टर ती सुचवतात. सिलिकॉन वण पुसत नाही आणि आखडलेला सांधाही सोडवत नाही. त्यासाठी व्यायाम, आधाराची पट्टी आणि कधी शस्त्रक्रियाच लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना मध्यम किंवा गंभीर स्वरूपाचं भाजतं. त्यातली बरीच माणसं जखम बंद झाली, की दवाखान्याची वाट विसरतात. गाव लांब असतं, मजुरी बुडते, हे मला कळतं. पण हात आखडतो तो नेमका याच महिन्यांत. म्हणून श्रोतेहो, तुमच्या घरात कुणी भाजलं असेल, तर भाजल्याबरोबर वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावू नका. आणि जखम भरल्यावरही तपासणीची तारीख चुकवू नका. त्या बाई आजही कोपर पूर्ण सरळ करून झारा धरतात, आणि गिऱ्हाइकाला वण दिसला तर पदर ओढून घेत नाहीत.