मंदीचा पव्वा

(पांढरकवड्यात तरुणांपुढे केलेलं भाषण)

मित्रांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बायांनो,

मी गोदीत हमाली करतो आणि कविता लिहितो. मॅट्रिकच्या पुढं शाळा झाली नाही. तेव्हा व्याख्यान देत नाही, हिशोब मांडतो. दारूचा.

वरचे लोक म्हणतात, हे पितात म्हणून गरीब. साफ खोटं. आपलेच काही भाऊ म्हणतात, व्यवस्था पाजते, माणसाचा काय दोष? हे अर्धंच खरं. काम गेल्यावर नेमकं काय होतं ते बघा.

मंदीत पैसा आटतो, तशी एकूण दारू बहुतेक कमीच खपते. अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी आकडे काढून हेच दाखवलं.  पण आपल्या वस्तीत मी पाहिलेला रोजचा पिणारा थांबत नाही, तो खाली उतरतो. इंग्लिशवरून देशीवर, देशीवरून हातभट्टीवर, रोखीवरून उधारीवर. आणि काटछाट बाटलीत होत नाही, ताटात होते. पोटात अन्न नाही, दारू आहे, असं वर्षानुवर्षं चाललं की लिव्हर जातं. कावीळ होते, पोटात पाणी भरतं. वस्ती म्हणते, पोट फुगून मेला. मंदीनं मेला असं कुणी लिहीत नाही.

सोव्हिएत युनियन 1991 साली मोडलं. कारखाने बसले, पगार थकले. रशियातल्या पुरुषाचं सरासरी आयुष्य 1990 साली 63 वर्षांच्या पुढं होतं, ते 1994 साली 58 च्या खाली आलं. त्यात दारूचा वाटा मोठा.

पण रशिया कशाला? आपल्या जिल्ह्यातलं वणी घ्या. एप्रिल 2021. टाळेबंदी. काम बंद, दारूची दुकानं बंद. मजुरांनी सॅनिटायझर प्यायलं. 7 जण मेले. ज्यानं हात धुवायचे ते घशाखाली उतरवलं. पेपर वाचून लोक हसले, म्हणाले बेवडे. अरे, ज्याचं शरीर रोजच्या दारूला सरावलं, त्याची एकदम तुटली की हात कापतात, झटके येतात, भास होतात. तो मौज म्हणून पीत नसतो, कापरं थांबवायला पितो. आणि मिळेल ते पितो. मुंबईत मालवणीला जून 2015 मध्ये मिथेनॉलच्या दारूनं शंभरावर माणसं गेली. मेली ती स्वस्तातली पिणारीच.

आता घरचं सांगतो. बाप जिनिंगवर हमाल. कापसाच्या गाड्या आल्या नाहीत की गेटावर बसून राहायचा, दुपारी गुत्त्यावर. "काम नाही त काय करू बे?" म्हणायचा. माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची, किलोवर मजुरी. ती मजुरी बापाच्या उधारीत जायची. मंदी बापाला आली, उपास मायला घडला.

2020 साली गोदीत ठेकेदारानं माझं काम तोडलं, तेव्हा मीही प्यायलो. वर त्याला विद्रोह म्हणायचो. थाप होती. प्यालेल्या रात्रीची एक ओळ सकाळी उभी राहिली नाही. उपाशी मात्र पुन्हा मायच राहिली.

सरकारचा हिशोबही बघा. जून 2025 मध्ये राज्यानं दारूवरचा कर वाढवला, वर्षाला 14,000 कोटी जादा मिळावेत म्हणून. त्याच वर्षी 19 ऑगस्टला केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, वर्षअखेरपर्यंत. कापूस पडला तरी चालेल, बाटली खपली पाहिजे! आपल्या अडचणीत आपण पितो, तिजोरीच्या अडचणीतही आपणच प्यायचं.

बाया म्हणतात, दारूबंदी करा. त्यांना हसू नका, मार त्यांनी खाल्लाय. वर्ध्यात 1975 पासून बंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून. चंद्रपुरात 2015 ला आली, 2021 ला उठली. पण नुसतं कुलूप लावलं, काम दिलं नाही, दवाखाना दिला नाही, तर वणी होते. बंदी मागताना ही दोन्ही सोबत मागा.

म्हणून तरुणांनो, तीन कामं करा. काम बंद पडलं की गुत्त्याआधी तहसीलवर जा. रोजगार हमीचा कायदा या राज्यानं 1977 साली केला, तो दुष्काळात काम मागणाऱ्यांमुळं. दुसरं, रोज पिणाऱ्याची एकदम तुटली आणि तो कापायला लागला, तर त्याला बांधू नका, भगताकडं नेऊ नका, सरकारी दवाखान्यात न्या. तिसरं, वेचणीची मजुरी बाईच्याच हातात राहील, उधारीवाल्याच्या नाही, हे वस्तीनं ठरवा आणि राखा.

बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारूचीही आहे. ती एकेकट्याला दिलेली नव्हती. लाखोंनी एकत्र उभं राहून घेतली होती. एकट्याची सुटत नाही, हे मी माझ्यावरून सांगतो. माझी सुटली ती टोळीतल्या चौघांनी पगाराच्या दिवशी मला मधे घालून घरी पोचवलं म्हणून.

तुम्ही कुणाला घरी पोचवताय, एवढं सांगा.

जय भीम.