किल्लीचे स्थलांतर

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील अनेक कुटुंबांनी बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेकडे सोन्याचे दागिने तारण ठेवले होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होण्यापूर्वी ते सोने लिस्बनला हलविण्यात आले आणि ते परत येण्यास १९९१ साल उजाडावे लागले. दागिने गोमंतकीयांचे, पण पेटीची किल्ली परक्या हाती, अशी ही तीस वर्षे गेली. पेडण्याचा वा डिचोलीचा एखादा तरुण आज बिटकॉइनसारखे आभासी चलन बाळगू लागला, तर त्याच्यापुढेही किल्लीचाच प्रश्न उभा राहतो. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय विनिमय केंद्रातून २३ कोटी डॉलरांहून अधिक किमतीचे चलन चोरीस गेले, तेव्हा पुष्कळांना त्याचा प्रत्यय आला.

हे चलन हाताळण्याच्या साधनास वॉलेट म्हणतात. परंतु या पाकिटात नाणे नसते. नाण्यांची नोंद असंख्य संगणकांवर एकाच वेळी राखल्या जाणाऱ्या सामाईक वहीत असते. वॉलेटात असते ती नोंद हलविण्याची गुप्त किल्ली. बहुतेक वॉलेटे ती १२ किंवा २४ साध्या शब्दांच्या रूपाने देतात. शब्द ज्याच्या हाती, चलन त्याचे.

म्हणून वॉलेट बदलण्याचे मार्ग दोन. जुने शब्द नव्या वॉलेटात भरणे हा पहिला. यात किल्ली तीच राहते. जुने साधन केवळ गैरसोयीचे असेल, तर हा मार्ग पुरतो. मात्र सर्व वॉलेटांची शब्दपद्धती एक नसते. नव्या ठिकाणी शिल्लक शून्य दिसली, तरी चलन नाहीसे झाले असे समजू नये.

परंतु जुन्या फोनविषयी शंका असेल, अथवा शब्द कोणाच्या दृष्टीस पडले असतील, तर दुसराच मार्ग पत्करावा. नव्या वॉलेटात नवे शब्द तयार करावेत, जुन्यातून नव्याच्या पत्त्यावर चलन पाठवावे. यास शुल्क पडते; पण चोराच्या हाती रिकाम्या पेटीची किल्ली उरते.

नवे शब्द कागदावर लिहावेत. त्यांचे छायाचित्र काढू नये. चलन पाठविण्यापूर्वी नवे वॉलेट एकदा पुसून, त्या शब्दांनी पुन्हा उघडून पाहावे. मग प्रथम अल्प रक्कम पाठवावी. पत्ता आरंभापासून अखेरपर्यंत ताडून पाहावा, कारण उतरवून घेतलेला पत्ता परस्पर बदलणारे उपद्रवी प्रोग्राम असतात. जाळेही जुळले पाहिजे. केरीच्या धक्क्यावरची फेरीबोट तेरेखोलला जाते आणि नार्व्याची दिवाडीला. चुकीच्या फेरीबोटीत बसलेला उतारू निदान परत येऊ शकतो, चुकीच्या जाळ्यावर पाठविलेले चलन बहुधा येत नाही. शुल्कापुरते त्या जाळ्याचे मूळ चलनही शिल्लक ठेवावे. बिटकॉइनच्या वहीत सरासरी दहा मिनिटांनी नवे पान जोडले जाते. अशी सहा पाने होईपर्यंत थांबण्याचा प्रघात आहे. अल्प रक्कम पोहोचल्याची खात्री झाल्यावरच उरलेली पाठवावी. जुने शब्द एवढ्यात फाडू नयेत. त्या पत्त्यावर मागाहून काही येण्याचा संभव असतो.

भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा चलनावरील नफ्यास ३० टक्के प्राप्तिकर लागतो. स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटात चलन नेणे म्हणजे विक्री नव्हे. तरीही तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेवावा.

या साऱ्यात मदतनीस म्हणून पुढे येऊन शब्द विचारणारा मनुष्य, तो कितीही गोडबोल्या असो, विश्वासास पात्र नव्हे. तारणाचे सोने परत मागावयास निदान एक बँक होती, एक सरकार होते. येथे दाद मागावयास दार नाही. म्हणून घाई करणे परवडणारे नाही.